डॉक्टर गेले, केसपेपर अर्धवट राहिले

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची होती. रुग्णालयातून किंवा दवाखान्यातून डॉक्टर कायमचे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या अपुऱ्या नोंदींचे काय करावे, हा तो विषय आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळून ती पत्रे येथे देत आहोत. पहिल्या पत्राच्या उत्तराला जास्त जागा लागली आहे, कारण इतर तिघांच्या अडचणींचे मूळही बऱ्याच अंशी त्यातच आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी आणि माझे पती राजारामपुरी परिसरात पंचवीस खाटांचे रुग्णालय चालवतो. आमच्याकडे साडेचार वर्षे मूत्रविकार शल्यचिकित्सक म्हणून काम करणारे डॉक्टर दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या राज्यात निघून गेले. त्यानंतर रेकॉर्ड रूम आवरताना त्यांच्या रुग्णांच्या एकसष्ट फायली अपूर्ण आढळल्या. काही फायलींत ऑपरेशन नोट नाही, काहींत डिस्चार्ज कार्डाची कार्यालयीन प्रत कोरी आहे, तर काहींत सगळे लिहिलेले आहे पण सही नाही. त्यांचा रबरी शिक्का आमच्या टेबलाच्या खणातच राहिला आहे. आमचे निवासी डॉक्टर हुशार आहेत आणि यांतले बहुतेक रुग्ण त्यांनी पाहिलेले आहेत, तेव्हा त्यांच्याकडून कागद पूर्ण करून घेऊन शिक्का मारून टाकावा, असा सल्ला आम्हांला मिळाला आहे. शिवाय गेलेल्या डॉक्टरांचे शेवटच्या महिन्याचे मानधन द्यायचे आहे. ते रोखून धरावे का?
— एक डॉक्टर, कोल्हापूर

उत्तर : डॉक्टर, सर्वांत आधी तो शिक्का खणातून बाहेर काढा, पाकिटात बंद करा, आणि ज्यांचा आहे त्यांना स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. सही करून ठेवलेली कोरी लेटरहेडे किंवा प्रिस्क्रिप्शनची पॅडे कोठे राहिली असतील, तर तीही त्याच दिवशी शोधून रद्द करा. जोवर तो शिक्का हाताशी आहे, तोवर घाईच्या एखाद्या दिवशी, क्लेमची मुदत संपत आलेली असताना, कोणी तरी तो वापरेल ही शक्यता शिल्लक राहते, आणि मग पुढचे सारे सावध काम व्यर्थ जाते.

आपणांस मिळालेला सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असेल, तरी तो पाळू नका. ऑपरेशन नोट म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी काय पाहिले आणि आपल्या हातांनी काय केले याची साक्ष असते. जो टेबलाजवळ उभा नव्हता, त्याने ती त्या वेळची म्हणून लिहिली, मागची तारीख घातली आणि दुसऱ्याचा शिक्का मारला, तर आजवर जी केवळ उणीव होती तिचे रूपांतर बनावट दस्तऐवजात होते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३३६ अशा बनावटीकरणाविषयीच आहे. आपल्या निवासी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि त्यांची पुढची तीस-चाळीस वर्षे या एकसष्ट फायलींपायी पणाला लावण्याचा अधिकार आपणांस नाही, हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो. शिवाय असे कागद टिकतही नाहीत. रुग्णाच्या मुलाने त्या केसपेपरचे मोबाइलवर आधीच फोटो काढलेले असतात, विमा कंपनीच्या टीपीएकडे (दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे) आधीच झेरॉक्स गेलेली असते, सिस्टरांच्या नोंदींतली वेळ नव्या मजकुराशी जुळत नाही. नोंद नसल्याचे स्पष्टीकरण देता येते, परंतु नोंद मागाहून घुसडल्याचे दिसले की ग्राहक आयोग त्या फाईलमधील खऱ्या नोंदींवरही विश्वास ठेवायला कचरतो.

आता कागदांकडे वळण्यापूर्वी रुग्णांकडे वळा. आपल्या पत्रात सही, शिक्का, मानधन या सर्वांचा उल्लेख आहे, पण या एकसष्टांपैकी किती जणांचे उपचार अजून पुरे व्हायचे आहेत, याचा उल्लेख नाही, आणि मला सर्वाधिक काळजी त्याचीच वाटते. डॉक्टर मूत्रविकारांचे होते, म्हणून एकच उदाहरण घेतो. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड आणि मूत्राशय यांच्यामध्ये डीजे स्टेंट नावाची बारीक नळी अनेकदा ठेवली जाते. ती साधारणपणे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांच्या आसपास काढावी लागते. ती आतच राहिली तर तिच्यावर क्षारांचे थर चढतात, जंतुसंसर्ग होतो, मार्ग बंद होतो आणि हळूहळू मूत्रपिंड निकामी होऊ शकते. रुग्णाला मात्र बराच काळ विशेष त्रास जाणवत नाही. चंदगडचा किंवा कणकवलीचा माणूस शस्त्रक्रिया करून घरी जातो, पोटातले दुखणे थांबलेले असते, शेतीची कामे लागलेली असतात, आणि डिस्चार्ज कार्डावर नळीचा उल्लेखच नसेल तर आपल्या शरीरात काही ठेवलेले आहे हे त्याला ठाऊकही नसते. ज्या डॉक्टरांच्या डोक्यात ती गोष्ट होती ते आता दुसऱ्या राज्यात आहेत. म्हणून एकसष्ट फायली समोर घेऊन बसा आणि ओटी रजिस्टर (शस्त्रक्रियागृहाची नोंदवही), स्टेंटच्या वेष्टनावरचे स्टिकर, औषध दुकानाचे बिल, नंतरचा एक्स-रे यांवरून स्टेंट ठेवल्याची शक्यता असलेल्या प्रत्येक रुग्णाची यादी आजच करा.

दुसरी तितकीच निकडीची यादी तपासणीला पाठवलेल्या तुकड्यांची. मूत्राशयातून किंवा प्रोस्टेटमधून काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो, अहवाल काही दिवसांनी येतो, आणि तो ज्या डॉक्टरांच्या नावे येतो ते निघून गेलेले असले तर तो त्यांच्या ट्रेमध्ये किंवा त्यांच्या व्हॉट्सॲपवर पडून राहतो. मी नोकरीच्या काळात एका रुग्णालयात असा एक अहवाल पाच महिने न उघडलेल्या पाकिटात पाहिला आहे. त्यात कर्करोगाचे निदान होते. तेव्हापासून मी अपूर्ण फाईल हा शब्द ऐकला की आधी पाकिटे उघडायला सांगतो. आपल्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेकडून त्या डॉक्टरांच्या नावे गेलेल्या सर्व अहवालांची यादी मागवा आणि ती फायलींशी ताडून पाहा. या दोन्ही याद्यांतील रुग्णांना आपण स्वतः किंवा निवासी डॉक्टरांनी फोन करावा. स्वागतकक्षातून करवून घेऊ नये. फोन दुसऱ्या कोणी उचलला तर आजाराचा तपशील त्यांना सांगू नका, रुग्णाशीच बोला, आणि फोन केव्हा केला, कोण बोलले, काय सांगितले, हे त्याच दिवशीच्या तारखेने फाईलमध्ये लिहा. फोन लागला नाही तर पत्र पाठवा. ज्यांना गावातले डॉक्टर आपल्याकडे पाठवतात त्यांच्या बाबतीत त्या डॉक्टरांमार्फत निरोप पोहोचवणे बहुधा सर्वांत खात्रीचे ठरते.

हे झाल्यावर नोंदवहीचे काम. प्रत्येक फाईलसाठी आंतररुग्ण क्रमांक, डिस्चार्जची तारीख, नेमके काय नाही, ते कोणी लिहायला हवे होते, आणि आज काय स्थिती आहे, एवढे एका वहीत मांडा. ज्या फायलींबाबत पोलिसांचे पत्र, ग्राहक आयोगाची नोटीस, विम्याचा किंवा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा प्रलंबित दावा असेल, आणि ज्यांत रुग्णाचा मृत्यू झाला असेल, त्या वेगळ्या काढून कुलपात ठेवा. न्यायालयीन बाब असलेल्या फाईलला आपल्या वकिलांना विचारल्याशिवाय एकही ओळ जोडू नये.

मग गेलेल्या डॉक्टरांना यादीसह रीतसर पत्र लिहा. भाषा सौम्य ठेवा. ते आपल्या मनातले आरोपी असले तरी या क्षणी या एकसष्ट कोड्यांची उत्तरे फक्त त्यांच्याकडे आहेत. त्यांना एखाद्या आठवड्याच्या शेवटी येऊन रेकॉर्ड रूममध्ये बसता येईल का, ते विचारा. जमत नसेल तर फायलींच्या प्रती पाठवा, पण मूळ फाईल इमारतीबाहेर जाऊ देऊ नका. आपल्याकडे संगणकीय प्रणाली असेल, तर त्यांचे बंद केलेले लॉगिन ठरावीक दिवसांसाठी, फक्त या फायलींपुरते उघडून द्या, आणि त्यांचा पासवर्ड दुसऱ्या कोणाकडे देऊ नका. त्यांनी लिहायची नोंद ही उशिराची नोंद आहे असे तिच्या माथ्यावर लिहिलेले असावे, आजची तारीख आणि वेळ असावी, ती स्मरणातून लिहिली की कोणत्या कागदांच्या आधारे लिहिली हे नमूद असावे, आणि खाली त्यांची सही व नोंदणी क्रमांक असावा. जुन्या ओळींच्या मधल्या जागेत काही लिहायचे नाही, आणि जुने काही चुकीचे वाटले तर ते वाचता येईल अशी एकच रेघ ओढून शेजारी सही व तारीख घालायची. जेथे मजकूर त्यांच्याच हातचा आहे आणि केवळ सही राहिली आहे, तेथेही आजच्याच तारखेने सही होईल.

डॉक्टर आले नाहीत, उत्तर दिले नाही, किंवा त्यांना काही आठवतच नाही असे झाले, तर काय? अशा वेळी निवासी डॉक्टरांच्या हुशारीचा खरा उपयोग आहे. त्यांनी सिस्टरांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, भूलतज्ज्ञांचा कागद आणि तपासण्यांचे अहवाल वाचून रुग्णाचा संकलित सारांश तयार करावा, आणि त्याच्या पहिल्या वाक्यात, हा सारांश उपलब्ध कागदांवरून अमुक तारखेला तयार केला असून शस्त्रक्रिया मी केलेली नाही, असे लिहून स्वतःच्या नावाने सही करावी. ऑपरेशन नोटची जागा मात्र हा सारांश घेऊ शकत नाही. ओटीमध्ये जे प्रत्यक्ष हजर होते, म्हणजे साहाय्यक, भूलतज्ज्ञ, ओटी सिस्टर, ते स्वतः पाहिले तेवढे स्वतःच्या नावाने, आजच्या तारखेने लिहू शकतात. त्यानंतरही जे रिकामे उरेल ते रिकामेच ठेवावे. फाईलच्या दर्शनी भागी रुग्णालयाच्या प्रमुखाच्या सहीने एक पान लावा. या फाईलमध्ये ऑपरेशन नोट उपलब्ध नाही, संबंधित डॉक्टरांनी अमुक तारखेस रुग्णालय सोडले, त्यांना अमुक अमुक तारखांना पत्रे पाठवली, उत्तर आले किंवा नाही, आणि म्हणून ही फाईल अपूर्ण अवस्थेत बंद करण्यात येत आहे, एवढा मजकूर त्यावर पुरतो. पत्रांच्या पोचपावत्या त्यामागे जोडा. अपूर्ण फाईल अपूर्ण म्हणून जाहीर करण्यात रुग्णालयाची नामुष्की आहे असे पुष्कळांना वाटते. माझे मत उलट आहे. काही वर्षांनी दुसरा डॉक्टर ती फाईल उघडेल, तेव्हा त्याला कोणत्या ओळीवर भरवसा ठेवायचा आणि कोठे नव्याने तपासणी करायची हे त्या एका पानामुळे कळेल, आणि फाईल ठेवायची ती त्याच्यासाठीच.

मानधन रोखू नका. करारात तशी अट आधीपासून असती तर गोष्ट वेगळी होती. आज नव्याने ती घातली तर भांडण पैशाचे होईल, डॉक्टर पत्रांना उत्तर देणे थांबवतील, आणि स्टेंट असलेला रुग्ण दोघांच्या मध्ये अडकेल. यापुढच्या करारांत मात्र लिहून घ्या की सोडण्याची सूचना दिल्यापासून दर आठवड्याला अपूर्ण फायलींची यादी डॉक्टरांच्या हाती जाईल आणि शेवटच्या दिवशीच्या नो-ड्यूज कागदावर लेखाविभागाइतकीच रेकॉर्ड रूमची सही आवश्यक राहील. आणि एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा असे वाटते. साडेचार वर्षांत एकसष्ट फायली साचल्या, त्या दोन महिन्यांत साचलेल्या नाहीत. डिस्चार्ज कार्ड पुरे झाल्याशिवाय रुग्णाला घरी सोडायचे नाही हा नियम आपल्या रुग्णालयात कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे पाहायला हवे.

प्रश्न : माझ्या आईचे ऑपरेशन दीड वर्षापूर्वी कोल्हापुरातील एका रुग्णालयात झाले. आता तिला पुन्हा त्रास होत असल्याने येथील डॉक्टरांनी जुने कागद मागितले आहेत. मी घाट चढून तीनदा कोल्हापूरला जाऊन आलो. प्रत्येक वेळी, ऑपरेशन करणारे डॉक्टर सोडून गेले, फाईल अर्धवट आहे, ती पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही, असे उत्तर मिळाले. आमचा कोणाशी भांडण्याचा विचार नाही. कागद कसे मिळतील?
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : फाईल अर्धवट असणे हे ती न देण्याचे कारण होऊ शकत नाही. जशी आहे तशी तिची प्रत मिळणे हा आपल्या आईचा हक्क आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्या द्यायच्या आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नवे नियम काढले होते आणि त्यांत ही मुदत पाच कामकाजाच्या दिवसांची होती, पण त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू राहिले. कोणी पाच दिवसांचा हवाला दिला तर हे ध्यानात असू द्या. रुग्णाच्या नोंदी रुग्णापासूनच गोपनीय म्हणून लपवता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आजवर आपण तोंडी मागणी केली असावी. आता आईच्या सहीचा अर्ज, आपणांस प्रत घेण्याचा अधिकार दिल्याचे तिचे पत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती असे घेऊन जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ व सही अशी पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा म्हणजे चौथी फेरी वाचेल. अर्जात दोन गोष्टी मागा. फाईलमध्ये जे जे आहे त्याची प्रत, आणि जे नाही ते उपलब्ध नसल्याचे लेखी पत्र. हे दुसरे पत्र पुष्कळदा पहिल्याहून उपयोगी पडते, कारण ते हाती आल्यावर आपले डॉक्टर जुन्या कागदांची वाट पाहणे थांबवून तपासण्या नव्याने करू शकतात. झेरॉक्सचा वाजवी खर्च रुग्णालयाने मागितला तर द्यावा. ते पूर्ण करून देतो असे म्हणाले, तर नको म्हणा, आणि आज आहे तशीच प्रत मागा.

दरम्यान इतर ठिकाणचे कागदही गोळा करा. रक्त आणि तुकड्याच्या तपासणीचे अहवाल प्रयोगशाळेकडे असतात, सीटी स्कॅनची सीडी स्कॅन सेंटरवर पुन्हा मिळू शकते, विम्यातून पैसे मिळाले असतील तर विमा कंपनीकडे त्या वेळी दिलेल्या संपूर्ण फाईलची प्रत असते, आणि ज्यांनी आपणांस कोल्हापूरला पाठवले त्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडे ऑपरेशननंतरचे पत्र आलेले असू शकते. ७२ तास उलटूनही काहीच हाती आले नाही, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि शहरातील रुग्णालयांची नोंदणी करणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते, त्यासाठी आपणांस कोल्हापूरला यावे लागणार नाही. आपणांस भांडायचे नाही हे मला समजते, आणि पोच घेतलेल्या एका अर्जावरच बहुधा काम होईल.

प्रश्न : मी रेडिओलॉजिस्ट आहे. सात महिन्यांपूर्वी मी कोल्हापूर जिल्ह्यातील एक सोनोग्राफी केंद्र सोडले. आता केंद्राने गर्भवती महिलांच्या सोनोग्राफीच्या नोंदीचे बत्तीस एफ फॉर्म माझ्याकडे सहीसाठी पाठवले आहेत आणि त्या त्या दिवसाची तारीख घालण्यास सांगितले आहे. तपासण्या मीच केल्या होत्या. सही करण्यास हरकत आहे का?
— एक डॉक्टर, सांगली

उत्तर : जुनी तारीख घालून एकाही फॉर्मवर सही करू नका. तपासणी आपण केली हे खरे असले तरी त्या दिवशी सही केली हे खरे नाही. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्यात नोंद ही केवळ कारकुनी बाब नाही. कलम ४(३) नुसार नोंदीतील त्रुटी हाच कलम ५ किंवा ६ चा (लेखी संमती व गर्भलिंगनिदानबंदी यांविषयीच्या कलमांचा) भंग समजला जातो, आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर असते. या फॉर्मवर डॉक्टरांचे स्वतःचे प्रतिज्ञापन असते की तपासणीच्या वेळी गर्भाचे लिंग शोधलेले किंवा कोणालाही सांगितलेले नाही. ते त्याच दिवशी व्हायला हवे होते. शिवाय दर महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे (या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो, म्हणजे हे बत्तीस फॉर्म सात महिन्यांपूर्वी कोणत्या स्वरूपात सादर झाले, हा प्रश्न आपण केंद्राला लेखी विचारला पाहिजे.

सही राहिली यात आपलीही चूक आहे, आणि ती मान्य करूनच पुढे जावे लागेल. या कायद्याची जाण असलेल्या वकिलांशी या आठवड्यातच बोला. त्यांच्या सल्ल्याने, कोणत्या तारखांना कोणत्या तपासण्या आपण केल्या आणि सही का राहिली याचे आजच्या तारखेचे निवेदन तयार करा. आपण केंद्र सोडत असल्याची सूचना नियम १३ प्रमाणे प्राधिकाऱ्याला तीस दिवस आधी जायला हवी होती. ती गेली होती का याची खात्री करा, आणि गेली नसेल तर आपला शेवटचा कामाचा दिवस कोणता होता हे आपण स्वतः कळवा, म्हणजे त्यानंतर आपल्या नावावर काही झाले असल्यास त्याचा भार आपल्यावर येणार नाही. फॉर्म परत पाठवताना त्यांच्या प्रती ठेवा.

प्रश्न : माझे यजमान शाहूपुरीत अडतीस वर्षे दवाखाना चालवत होते. गेल्या वर्षी ते वारले. दवाखान्याची जागा आता सोडायची आहे. तीन कपाटे भरून केसपेपर आहेत. त्यांतले खालच्या खणातले २०१९ च्या पुरात भिजून चिकटले आहेत. पुष्कळ केसपेपरवर शेवटच्या दिवसांतल्या नोंदी अर्धवट आहेत, कारण त्यांचा हात थरथरत असे. मुले म्हणतात रद्दीत घाला. माझे मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपले मन होत नाही ते योग्यच आहे. रद्दीत घालू नका. त्या कागदांवर शाहूपुरीतल्या घराघरांतले आजार, गर्भपात, मनाचे विकार नावांसकट लिहिलेले आहेत, आणि ते कागद दुकानात पुड्या बांधायला जाऊ नयेत. बाह्यरुग्णांच्या कागदांना आंतररुग्णांसारखी तीन वर्षांची सक्ती वर सांगितलेल्या २००२ च्या आचारसंहितेत नाही, तरी ज्यांच्यावर अजून उपचार चालू आहेत त्यांना आपल्या माहितीचा लाभ मिळायला हवा.

दवाखान्याच्या दारावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात छोटी सूचना द्या की डॉक्टरांच्या निधनामुळे दवाखाना बंद होत असून, रुग्णांनी अमुक तारखेपर्यंत ओळखपत्र दाखवून आपला केसपेपर घेऊन जावा. दोन-तीन महिन्यांची मुदत ठेवा. मधुमेह, रक्तदाब, मिरगी, थायरॉइड, हृदयविकार अशा नेहमीच्या रुग्णांचे केसपेपर आधी वेगळे काढा, आणि यजमानांचे कंपाउंडर अजून संपर्कात असतील तर त्यांना सोबत घ्या. कोणता कागद कोणाचा आणि तो माणूस आज कोठे राहतो, हे त्यांना जितके ठाऊक असेल तितके दुसऱ्या कोणाला नसेल. केसपेपर देताना वहीत नाव, तारीख व सही घ्या. रुग्णाला तो परस्पर दुसऱ्या डॉक्टरांकडे द्यायचा असेल तर तसे त्याच्या सहीने लिहून घ्या. सर्व कपाटे एखाद्या डॉक्टरांना एकगठ्ठा देऊन टाकू नका, कारण आपल्या आजाराची माहिती कोणाकडे जावी हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे.

अर्धवट नोंदी पूर्ण करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, आपणही नाही, आणि मुलांपैकी कोणी डॉक्टर असले तरी त्यांनीही नाही. थरथरत्या हाताने लिहिलेली अर्धी ओळ जशी आहे तशीच रुग्णाच्या हाती जाऊ द्या. पुढचा डॉक्टर ती वाचेल आणि अमुक औषध येथपर्यंत चालू होते एवढे तरी त्याला कळेल. भिजून चिकटलेले कागद ओढून सुटे करू नका. सावलीत, पंख्याखाली वाळवून जेवढे सुटतील तेवढे सोडवा. जे वाचताच येत नाहीत त्यांची यादी करून पुरात नष्ट अशी नोंद वहीत ठेवा.

यजमानांनी दिलेल्या वैद्यकीय दाखल्यांची नोंदवही, पोलिसांना कळवलेल्या प्रकरणांचे कागद, आणि ज्या लहान मुलांबाबत कधी तक्रार किंवा गुंतागुंत झाली होती त्यांचे केसपेपर मात्र कपाटासह घरी ठेवा. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाचे कागद निकाल लागेपर्यंत लागतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत ती मुले सज्ञान झाल्यानंतरही प्रश्न उभा राहू शकतो. त्यांचे नोंदणी प्रमाणपत्र जपून ठेवून निधनाची माहिती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पत्राने कळवा, आणि उरलेली लेटरहेडे व शिक्का स्वतःच्या हातांनी नष्ट करा. मुदत संपल्यावर जे केसपेपर कोणी नेले नाहीत ते कापण्याच्या यंत्रातून काढून मगच द्या. शहरात झेरॉक्सच्या काही दुकानांत आणि बँकांच्या कामासाठी कागद नष्ट करून देणाऱ्यांकडे असे यंत्र असते. त्या वेळी घरातले कोणी तरी समोर उभे राहा, आणि नवी जागा घ्याल तेथे जपायची कपाटे तळमजल्यावर ठेवू नका. २०२१ साली पाणी पुन्हा आले होते, हे आपणांस मी सांगायला नको.